सळईनंतरचे तीन महिने

वाशी तालुक्यातील एखाद्या गावी, पहाटेच्या अंधारात परसाकडे निघालेली सत्तरी ओलांडलेली बाई उंबऱ्याला अडखळून पडते, उचलताना तिचा एक पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या अंगाला वळलेला दिसतो, आणि घरातील जाणत्यांना खुब्याचे हाड मोडल्याची शंका येते, तेव्हा पुढच्या चार-आठ दिवसांत जे घडते ते आता बरेचसे ठरून गेलेले आहे. हाडवैद्याच्या पट्ट्यात, अथवा पायाला वजन टांगून, महिनोन्महिने बाजेवर काढायचा पूर्वीचा भोग आज पुष्कळांच्या वाट्याला येत नाही. गाडी करून तिला बार्शी, धाराशिव, बीड किंवा सोलापूर यांपैकी जिथे ओळख निघेल तिथे नेतात. शिधापत्रिका व आधार यांची जुळवाजुळव होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली प्रकरण मंजूर होते. मांडीच्या हाडात सळई बसते किंवा खुब्यातला गोळा बदलला जातो, आणि थोड्याच दिवसांत ती अंगावर टाके घेऊन घरी परतते. शासनाच्या दप्तरी प्रकरण निकाली निघाले. माझे म्हणणे इतकेच की, ज्या दिवशी ते दप्तरात निकाली निघते, त्याच दिवशी त्याची खरी सुनावणी सुरू व्हायला हवी.

कारण खुब्याचा अस्थिभंग ही वार्धक्यातील इतर मोडतोडीसारखी गोष्ट नव्हे. ज्या देशांनी याचा चोख हिशेब ठेवला आहे, तिथेही अशा रुग्णांपैकी पाचांतील एक, कुठे चारांतील एक, वर्षाच्या आत दगावतो; आणि जे वाचतात त्यांतले निम्म्याच्या आसपास पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. मृत्यू हाडामुळे क्वचितच येतो, तो अंथरुणामुळे येतो. पडून राहिल्याने छातीत कफ साचतो, पाठीला व टाचेला शय्याव्रण होतात, पोटरीच्या रक्तवाहिनीत गुठळी धरते, लघवीचा संसर्ग होतो, आणि मांडीचे स्नायू इतक्या झपाट्याने झडतात की हाड सांधून येईपर्यंत त्याला उचलून धरणारे बळच उरलेले नसते. म्हणूनच ब्रिटनच्या २०११ सालच्या मार्गदर्शिकेने शस्त्रक्रिया दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावी एवढेच सांगून न थांबता, शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करावे आणि पुढे रोज किमान एकदा चालवावे, असा दंडक घातला. हा विचार त्या देशातही आकाशातून पडलेला नव्हता. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या दरिद्रालयातले सातशेहून अधिक जुनाट रुग्ण सोपविण्यात आले, तेव्हा ‘असाध्य’ म्हणून वर्षानुवर्षे खाटेवर ठेवलेल्या त्या वृद्धांना डॉ. मार्जोरी वॉरन यांनी एकेक करून तपासले, उठवले, चालते केले, आणि त्यांतल्या अनेकांना घरी धाडले. त्या वृद्धांपैकी पुष्कळांच्या असाध्यतेचे कारण त्यांच्या रोगात कमी आणि खाटेत अधिक होते, हे तेव्हा उघड झाले.

आता आपल्या योजनांचा तपशील पाहावा. फुले योजनेत घरी पाठविल्यानंतरच्या १० दिवसांपर्यंतची तपासणी व औषधे समाविष्ट आहेत. आयुष्मान भारत योजनेत ही मुदत १५ दिवसांची आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, मग तो श्रीमंत असो की गरीब, ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण खुले झाले, हे निःसंशय मोठे पाऊल आहे आणि त्याला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु हाड सांधायला तीन-एक महिने लागतात आणि चालण्याची शक्ती सहा महिने, कधी वर्षभर, सुधारत राहते. अशा आजारात पंधरा दिवसांवर हिशेब बंद करणे म्हणजे विहीर खणून पाणी लागण्याच्या आदल्या दिवशी मजुरांना रजा देणे होय. धातूला पैसे मिळतात, कारण धातूची पावती निघते. म्हातारीला धरून अंगणात दहा पावले चालविणाऱ्या माणसाची पावती कुणी फाडावी, हे अजून कुठल्याच खात्याला सुचलेले नाही.

घरात प्रत्यक्ष काय होते, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. रुग्णालयातली खाट उंच व टणक होती. घरी असते ती सुंभाची किंवा नवारीची बाज, बुटकी आणि मधोमध झोळी पडलेली, जिच्यातून धडधाकट माणसालाही हाताचा रेटा दिल्याशिवाय उठता येत नाही. वॉकर शहरातल्या गुळगुळीत फरशीसाठी घडविलेला. माळवदाच्या जुन्या घरात ढेळजेतून अंगणात येताना तो उंबऱ्यालाच अडतो, आणि मुरमाच्या जमिनीवर त्याच्या पायांचे रबरी बूट झिजले की एक दिवस तो सरकतो, म्हातारी पुन्हा पडता पडता वाचते आणि त्या दिवसापासून वॉकर खुंटीला लागतो. त्याहून मोठी अडचण शौचाची. गेल्या दहा-बारा वर्षांत घरोघर शौचालये झाली, पण त्यांत उकिडवे बसावे लागते. आणि ज्याचा गोळा बदलला आहे त्याने उकिडवे बसू नये, मांडी घालू नये, पाटावर बसून जेवू नये, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलेले असते. मग ती पाणी कमी पिते, जेवण तोडते, म्हणजे वारंवार उठावे लागू नये. स्नायू भरून यायला जे अन्न हवे, तेच ती स्वतःच्या हाताने कमी करते. घरच्यांना हे पुष्कळदा कळतही नाही, कारण लाजेच्या गोष्टी म्हाताऱ्या बायका बोलून दाखवीत नाहीत.

इथे मला जयपूर पायाची आठवण होते. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८च्या सुमारास तो घडविला, तेव्हा परदेशी कृत्रिम पाय उपलब्ध नव्हते असे नाही; पण ते पाय घालून चिखलात उतरता येत नव्हते, अनवाणी चालता येत नव्हते, मांडी घालता येत नव्हती. त्या दोघांनी आधी आपल्या माणसाची बैठक पाहिली आणि मग पाय घडविला. खुबा मोडलेल्या वृद्धांच्या बाबतीत हीच दृष्टी अद्याप कोणी पुरेशी दाखविलेली नाही. खाटेखाली चार विटा सरकवून तिची उंची वाढविणे, नवारीवर लाकडी फळी टाकणे, उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना उतरता गिलावा करून घेणे, शौचालयात भोक पाडलेली खुर्ची आणि भिंतीला हाताशी एक नळी बसविणे, रात्रीचा दिवा खाटेपासून हाताच्या अंतरावर ठेवणे, ही कामे गावचा गवंडी आणि सुतार अर्ध्या दिवसात करून देतील. पण ती करावयाची आहेत, आणि रुग्ण घरी येण्याच्या आधी करावयाची आहेत, हे सांगायला त्या घरात कोणी येत नाही.

आणि घरात असते तरी कोण? या भागातली कितीतरी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळीबरोबर बाहेर पडतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. म्हणजे मुलगा गेला की सूनही गेली. मागे राहतात ती शाळेतली नातवंडे आणि त्यांना सांभाळायला ठेवलेली आजी. ती आजीच पडली तर कोणी कोणाला सांभाळायचे, या प्रश्नाला कुठल्याही सरकारी नमुन्यात रकाना नाही. जिथे सून घरी असते तिथे तिच्यावर शेणघाण, पाणी, स्वयंपाक, रोजंदारी यांच्या जोडीला हे येऊन पडते, आणि ती बिचारी काळजीपोटीच म्हणते, “पडून ऱ्हा माय, उठू नका, म्या देते आणून.” या वाक्यात माया आहे यात संशय नाही, पण रोज चारदा उच्चारले गेले की महिन्याभरात ते माणसाला कायमचे अंथरुणाला खिळवते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. खुर्चीवरून हातांचा आधार घेऊन सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा उठणे-बसणे. इतके जरी तिला कोणी आठ दिवस समोर उभे राहून दाखविले, तरी तीच सून गावातली सर्वोत्तम परिचारिका ठरेल.

शिकवील कोण, या प्रश्नाचे उत्तर शोधायला वाशीहून फार दूर जायला नको. भूम-खर्ड्याच्या वाटेने गेले की जामखेड लागते. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि खेड्यातल्या, पुष्कळदा निरक्षर, अनेकदा दलित अशा स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंतची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. १९७९ साली त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण त्याहून मोठी साक्ष म्हणजे त्या गावोगावच्या बायका. आपल्याच जिल्ह्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या द्वारे ‘भारतवैद्य’ म्हणून अशाच स्त्रिया उभ्या केल्या. १९७८च्या अल्मा-अता जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्यसेवेच्या व्याख्येत पुनर्वसनाचाही समावेश झाला खरा. पण वस्तुतः तोपर्यंत जामखेडने अर्धी वाट चालून टाकली होती. जे हात ताप मोजायला, बाळाचे वजन करायला शिकले, ते म्हातारीला खाटेच्या काठावर बसवायला शिकणार नाहीत, असे मानायला काहीच आधार नाही.

कागदोपत्री तरतूदही आहे. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात सामुदायिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयात, आठवड्यातून दोनदा वृद्धांसाठी चिकित्सालय चालावे, आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी पुनर्वसन-कार्यकर्त्याने जावे, असे लिहिलेले आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तीच्या खात्यावर काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये जमा होतात. वाईट इतकेच की अर्ज, छाननी, मंजुरी आणि जमा यांचा शिरस्ता आपल्या वेगाने चालतो आणि स्नायू आपल्या वेगाने झडतात. खुर्ची हवी असते चौथ्या दिवशी, आणि ती चौथ्या महिन्यात आली तर तिच्यावर बसण्याची ताकद कुठून आणायची?

आक्षेप येईल की, घरी येऊन व्यायाम करवून घेतल्याने खरोखर गुण येतो याला पुरावा काय. आक्षेप रास्त आहे आणि उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, रूढ उपचार संपल्यावर सहा महिने घरी साधे, दैनंदिन हालचालींशी निगडित व्यायाम करणाऱ्या खुबाभंगाच्या रुग्णांत हालचालींची क्षमता माफक प्रमाणात सुधारल्याचे दिसले. २०१९च्या दुसऱ्या चाचणीत सोळा आठवड्यांच्या अधिक कसदार गृहोपचारानेही, घराबाहेर स्वतंत्रपणे फिरण्याइतके चालू लागलेल्यांच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण त्या दोन्ही ठिकाणचे रुग्ण नेहमीचे फिजिओथेरपीचे उपचार आधीच घेऊन आलेले होते, आणि प्रश्न होता तो त्यावर आणखी किती चढवावे याचा. आपल्याकडे प्रश्न शून्यातून एकावर जाण्याचा आहे. चमत्काराची अपेक्षा मीही करीत नाही. वाशीच्या बाजारापर्यंत चालत जाईल, असे कोणी म्हाताऱ्याला आश्वासन देऊ नये; पण स्वतःच्या पायांनी शौचालयापर्यंत आणि ओसरीवरल्या चार माणसांपर्यंत जाता येणे, यासाठी खर्च करणे मला अवाजवी वाटत नाही. महाराष्ट्रात साठीपुढच्यांचे प्रमाण २०११च्या जनगणनेतच ९.९ टक्के होते, आणि ज्या गावांतले तरुण बाहेर पडतात तिथे वाढती भिस्त याच लोकांवर आहे.

दुसरा आक्षेप आशा कार्यकर्तीच्या बाजूने येईल आणि तो अधिक खरा आहे: तिच्या डोक्यावर आधीच इतक्या नोंदी, सर्वेक्षणे व मोहिमा आहेत की आणखी एक काम म्हणजे आणखी एक फुकटची वेठ. म्हणून हे काम फुकट नको. खुबाभंगाच्या प्रत्येक रुग्णामागे पहिल्या तीन महिन्यांतील ठराविक गृहभेटींचे मानधन बांधून द्यावे, आणि ते फुले योजनेच्या त्या प्रकरणातूनच, सळईच्या दरासोबत, वेगळ्या शीर्षाखाली द्यावे. रुग्णालयाने घरी सोडण्याचा कागद मराठीतून आणि चित्रांसह लिहावा आणि त्याची एक प्रत त्याच दिवशी गावच्या उपकेंद्राकडे जावी. तालुक्याला एक फिजिओथेरपिस्ट, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी गाडीसह गावांत फिरणारा, असावा. वॉकर, खुर्च्या आणि रबरी बुटांचा साठा ग्रामीण रुग्णालयात उसनवारीने देण्यासाठी ठेवावा, म्हणजे एका घरची गरज संपली की तीच वस्तू दुसऱ्या घरी जाईल. हाडाच्या ठिसूळपणाची औषधे आणि मोतीबिंदूची तपासणी याच भेटींत उरकावी, कारण एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता अधिक असते. आणि तीन महिन्यांनंतर प्रकरण बंद करताना क्ष-किरण चित्राबरोबर आणखी एक रकाना भरावा: रुग्ण स्वतः शौचाला जातो काय, होय अथवा नाही.

यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही. साठ्याचा आणि गाडीचा पहिल्या वर्षीचा खर्च जिल्हा नियोजन समितीने उचलावा, आणि दसऱ्याला टोळ्या निघण्यापूर्वी गावोगाव एक यादी व्हावी, की कोणकोणत्या घरी म्हातारे माणूस एकटे किंवा नातवंडांसह मागे राहणार आहे आणि ते पडले तर पहिला फोन कोणाला करायचा आहे.