ट्वीडकाठचा आठवडा

आमचे कनिष्ठ चिरंजीव एडिंबरोस असतात. गेल्या कार्तिकांत ते स्नेह्यांसमवेत ट्वीड नदीवर सॅमन माशांसाठीं आठवडाभर राहिले. आठवडा म्हणजे सहाच दिवस. रविवारीं सॅमनास गळ टाकण्यास स्कॉटलंडांत कायद्याची मनाई आहे. अंडीं घालण्यास समुद्रांतून परतलेला हा मासा नदींत अन्न घेत नाहीं. तरी पिसांच्या खोट्या माशीवर तो झडप कां घालतो, हें कोडेंच आहे. पांच दिवस कोरडे गेले. शनिवारीं अंड्यांनीं जड झालेली मादी लागली. चिरंजीवांनीं गळ काढून ती सोडली. उपोषिताच्या तोंडांत गळ घालणें आम्हांस रुचलें नाहीं, तसें लिहिलें. उत्तर आलें: "बाबा, प्रवाहाकडे तोंड करून ती स्वतः निघेपर्यंत मीं हात काढला नाहीं."