विमान ॲपवर दिसतं, मग शॉर्टवेव्ह रेडिओ हवाच कशाला?

रत्नागिरीच्या भाट्ये बीचवर उभं राहून फ्लाइटरडार२४ उघडा. समोर अरबी समुद्र आणि स्क्रीनवर पिवळी विमानं. आपल्याला वाटतं, सगळं दिसतंय की! पण ते ठिकाण विमानाने स्वतःच जीपीएसवरून काढून कळवलेलं असतं. खोल समुद्रात तर कधीकधी ॲप नुसत्या अंदाजाने विमान पुढे सरकवत असतं.

आत्ताच हा विषय का?

दोन कारणं आहेत. पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपलं आकाश बंद केलं आणि ही बंदी महिन्यामहिन्याने वाढत गेली. त्यामुळे दिल्लीहून आखात, युरोपकडे जाणारी आपली बरीच विमानं गुजरातवरून अरबी समुद्रावर उतरून लांबच्या वाटेने जाऊ लागली.

दुसरं कारण जीपीएस स्पूफिंग, म्हणजे खोटे सिग्नल पाठवून विमानाला चुकीची जागा दाखवणं. दिल्ली विमानतळाजवळ असे प्रकार घडल्याचं सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मान्य केलं. जीपीएसमध्ये अडथळ्याच्या तक्रारी आलेल्या शहरांत मुंबईचंही नाव होतं.

समुद्रावर विमान बोलतं कसं?

जमिनीजवळ पायलट व्हीएचएफवर बोलतो (११८ ते १३७ मेगाहर्ट्झ). पण हे सिग्नल साधारण सरळ रेषेत जातात. ३५ हजार फुटांवरच्या विमानाशीही जेमतेम ४०० किलोमीटरपर्यंत संपर्क राहतो, त्यापुढे पृथ्वीचा गोलावा आडवा येतो.

तिथे कामाला येतो एचएफ, म्हणजेच शॉर्टवेव्ह. या लहरी वर आयनांबरावर आपटून परत खाली येतात आणि हजारो किलोमीटर जातात. दिवसा वरच्या फ्रिक्वेन्सी चालतात, रात्री खालच्या. मुंबईच्या हद्दीतलं आकाश पश्चिमेला पार ओमान, सोमालियाच्या हद्दींना भिडतं. तिथला पायलट 'मुंबई रेडिओ'ला हाक मारतो आणि कुठल्या पॉइंटवर, किती वाजता, किती उंचीवर आहे आणि पुढचा पॉइंट कधी येईल ते सांगतो. ऐकणारा रेडिओ ऑपरेटर असतो, तो हे कंट्रोलरपर्यंत पोचवतो.

मग पायलट तासन्‌तास ती खरखर ऐकत बसतो का? नाही. अशा विमानांना सहसा चार अक्षरांचा सेलकॉल कोड असतो. जमिनीवरून त्या कोडचे सूर वाजले की कॉकपिटमध्ये घंटी होते. थोडक्यात, विमानाचा रिंगटोन!

नवीन सिस्टिम आहे ना?

आहे. सीपीडीएलसी म्हणजे पायलट आणि कंट्रोलरमधलं टेक्स्ट मेसेजिंग. समुद्रावर ते बहुतेक उपग्रहामार्फत चालतं, आवाजापेक्षा स्पष्ट आणि सोयीचं. पण खरी गोम इथेच आहे. विमानाचं घड्याळही जीपीएसवर चालतं. स्पूफिंगमुळे वेळ बिघडली की ही सिस्टिम लॉगिनच करू देत नाही. फोनची तारीख चुकली की वेबसाइट सर्टिफिकेटचा एरर देते ना, अगदी तसंच. अशा वेळी हातात उरतो तो एचएफवरचा माणसाचा आवाज.

एचएफ म्हणजे रामबाण उपाय नाही. स्पूफिंग झालेल्या विमानाची खरी जागा तो शोधून देत नाही. तो स्वतःही बंद पडतो. ६ सप्टेंबर २०१७ च्या मोठ्या सौरज्वालेनंतर अटलांटिकवरच्या एका विमानाशी एचएफ संपर्क सुमारे दीड तास तुटला होता. पण बिघाडाचं कारण वेगळं आहे, हे महत्त्वाचं. खोटा जीपीएस सिग्नल एचएफला बिघडवत नाही. आम्ही सर्व्हरचा बॅकअप त्याच इमारतीत ठेवत नाही, तोच नियम इथेही. जुनं आहे म्हणून एचएफ काढून टाकू नये, ते एवढ्यासाठीच.

आपल्याला ऐकू येईल का?

फोनवर नाही. फोनमध्ये असलीच तर एफएमची चिप असते. कुठलंही ॲप तिला शॉर्टवेव्ह शिकवू शकत नाही. आजोबांच्या ट्रान्झिस्टरवरही विमानाचं बोलणं बदकासारखं 'क्वॅक क्वॅक' वाटेल, कारण ते एसएसबी पद्धतीचं असतं. त्यासाठी एसएसबी रिसीव्हर आणि लांब वायर हवी. घरातले एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर भरपूर खरखर करतात, त्या मानाने मोकळा किनारा बरा.

पण थांबा, ऑर्डर टाकण्याआधी कायदा बघा. हे संवाद जनतेसाठी नाहीत. परवानगीशिवाय ते पकडणं आणि त्यातला मजकूर उघड करणं रोखावं, असं आंतरराष्ट्रीय रेडिओ नियम देशांना सांगतात. आपल्याकडे २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरणांसाठी परवानगीची चौकट आहे. त्यात रत्नागिरीच्या विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे. त्यामुळे 'बघा काय पकडलं' म्हणून रील टाकणं म्हणजे स्वतःहून अडचण ओढवून घेणं.

खरंच आवड असेल तर सरळ रस्ता आहे: हॅम रेडिओची परीक्षा. वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते. पास होऊन लायसन्स मिळालं की स्वतःचं कॉलसाइन मिळतं आणि त्याच आयनांबरावरून तुम्ही हजारो किलोमीटर लांबच्या माणसाशी बोलू शकता. तेही रिचार्ज न मारता!