ओसाड वाडीची मोजणी

स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेस, सदरलंड परगण्यात, नेव्हर नदीचे खोरे आहे. त्या खोऱ्यातील एका उंचवट्यावर रोसाल नावाची शेतकऱ्यांची वाडी होती. १८१४ ते १८१८ या काळात जमीनदार घराण्याच्या हुकुमाने ती उठविण्यात आली आणि तिचे रान मेंढ्यांच्या मोठ्या मक्त्यात गेले. पुढे सुमारे दीडशे वर्षांनी सरकारी वनखात्याने तेथे लागवड करावयाचे ठरविले, तेव्हा ग्लासगो विद्यापीठातील भूगोलाचे अध्यापक होरेस फेअरहर्स्ट यांनी, झाडे लावली जाण्यापूर्वी, १९६२ साली त्या अवशेषांची रीतसर मोजणी केली.

या मोजणीकडे केवळ पुराणवस्तुसंशोधनाचा एक भाग म्हणून पाहणे चूक ठरेल. सदरलंडच्या उच्चाटनाचा इतिहास दीर्घकाळ इस्टेटीच्या दप्तरातून लिहिला गेला. इस्टेटीचा कारभारी जेम्स लॉख याने १८२० साली एक ग्रंथच प्रसिद्ध करून या साऱ्या व्यवहाराला ‘सुधारणा’ हे नाव दिले. डोंगरातील माणसे आळशी, त्यांची शेती निकृष्ट, जमीन जवळजवळ पडीक; तिला योग्य उपयोगात आणणे हे धन्याचे कर्तव्यच होय, असा त्याचा एकूण युक्तिवाद. दोनशे वर्षांत या युक्तिवादाचे कपडे अनेकदा बदलले, देह तोच आहे.

आता रोसालचे दगड काय सांगतात ते पाहावे. लांबट घरांच्या भिंतींचे पाये, त्यांच्यालगतची कोठारे व छोटी कुंपणे, धान्य वाळविण्याच्या भट्ट्या अशी सुमारे सत्तर बांधकामे तेथे आढळली. त्या ओल्या हवेत पिकाला वाळायला ऊन पुरत नाही, म्हणून खालून विस्तव घालून दाणा वाळवावा लागे. तेव्हा ज्या वाडीत भट्ट्या आहेत तेथे धान्य पिकत होते, याला निराळ्या पुराव्याची गरज नाही. पिकाऊ जमिनीभोवती दगडमातीचा बांध फिरलेला होता. आत ओट व बार्ली, बाहेर गुरांचे रान. बांधाच्या आत नांगरटीचे वाफे उन्हे कलली म्हणजे सावल्यांवरून अद्यापही ओळखू येतात. उन्हाळ्यात गुरे वरच्या कुरणांवर नेण्याची रीत होती. आपल्याकडील धनगरांना ती समजावून सांगावी लागणार नाही. थोडक्यात, ज्याला पडीक म्हटले गेले ते बेताचे उत्पन्न देणारे, परंतु नीट बसविलेले अर्थकारण होते.

त्या घरांच्या भिंती खाली दगडाच्या, वर गवताळ मातीच्या ढेकळांच्या असत. खरी दौलत म्हणजे छपराचे लाकूड. वृक्ष दुर्मीळ असलेल्या त्या मुलुखात घर बदलताना माणसे वासे बरोबर नेत. म्हणूनच उठविणाऱ्यांनी छपरे जाळली. लाकूड जळाले की माणूस परत येऊन घर उभारू शकत नाही, हा त्यामागील साधा हिशेब होता. रोसालमध्येच जन्मलेला गवंडी डोनाल्ड मॅक्लाउड याने पुढे लिहून ठेवले, की एका रात्री टेकडीवरून त्याने अडीचशे घरे जळताना मोजली. त्याच्या आकड्यांत अतिशयोक्ती असल्याचे इतिहासकार म्हणतात, असेलही. परंतु इस्टेटीचा मुनीम मेंढ्या मोजत असताना जळती घरे मोजणारा तो एक माणूस होता. इस्टेटीचा अधिकारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ साली इन्व्हरनेसला मनुष्यवधाचा खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. ज्यूरीत बहुतांशी जमीनजुमलेवालेच होते.

मार्क्सने ‘भांडवला’च्या पहिल्या खंडात हाच परगणा उदाहरणादाखल घेतला आहे. त्याचे आकडे असे : १८१४ ते १८२० या सहा वर्षांत १५,००० माणसे, म्हणजे सुमारे ३,००० कुटुंबे हुसकली गेली, ७,९४,००० एकर जमीन घराण्याने बळकावली, हुसकलेल्यांना समुद्रकाठची ६,००० एकर, कुटुंबामागे दोन एकर, देण्यात आली, आणि १८२५ पर्यंत त्यांच्या जागी १,३१,००० मेंढ्या आल्या. याच घराण्यातील पुढच्या पिढीच्या डचेसने अमेरिकेतील गुलामगिरीचा निषेध आपल्या लंडनच्या वाड्यात करविला, तेव्हा मार्क्सने १८५३ साली तिच्या इस्टेटीचा पूर्वेतिहास वृत्तपत्रातून मांडला. दूरच्या गुलामाबद्दल कळवळा आणि जवळच्या कुळाची जप्ती, ही जोडी काही सदरलंडचीच मक्तेदारी नव्हे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. लोकसंख्या वाढत होती, दुष्काळ पडत होते, ही शेती तशीही टिकली नसती, असे म्हटले जाते. त्यात तथ्यांश आहे. शिवाय ती वाडी म्हणजे समतेचा स्वर्ग नव्हता. त्या डोंगराळ मुलुखातील वाड्यांत मोठे मक्तेदार होते, त्यांची पोटकुळे होती, आणि त्यांच्याही खाली भूमिहीन झोपडीवाले होते. आपल्या मंडळींना गतकालीन ग्रामजीवनाचे फार लवकर भरते येते, म्हणून हे नमूद केलेले बरे. परंतु प्रश्न शेती बदलावी की नाही, हा नव्हताच. बदलाचा निर्णय कोणी घेतला आणि लोकरीच्या चढ्या भावाचा नफा कोणाच्या पदरात पडला, हा होता. दुष्काळाने माणूस गाव सोडतो. तो जाताना त्याचे वासे कोणी जाळत नाही.

रोसालच्या वाडीची जागा वनखात्याने मोकळी ठेवली, भोवती झाडे लावली. आता त्या उत्तरेकडील डोंगरांना ‘निसर्गाचा अस्पर्श प्रदेश’ म्हणून प्रवासी वाखाणतात, आणि कार्बनचा हिशेब चुकता करण्यासाठी कंपन्या व धनिक स्कॉटलंडच्या डोंगरांत जमिनी विकत घेत आहेत. प्रथम माणसे काढून रान रिकामे करावयाचे आणि मग रिकामे आहे म्हणून त्याचा भाव वाढवावयाचा, हा क्रम महाराष्ट्रातील वाचकाला अपरिचित नाही. चांदोलीचे अभयारण्य १९८५ मध्ये झाले, राष्ट्रीय उद्यान २००४ मध्ये, व्याघ्रप्रकल्प २०१० मध्ये. आत जुन्या गावांची जोती व देवळांचे चौथरे आहेत. वाघ राखणे आवश्यक आहे, याविषयी वाद नाही. परंतु त्या जोत्यांची घरटी मोजणी, कोणाचे घर, कोणती जमीन, कोणते सामाईक रान, अशी गावकऱ्यांना बरोबर घेऊन झाली, तर पुनर्वसनाच्या अपुऱ्या हिशेबाला एक दस्तऐवज मिळेल. हे काम विद्यापीठांनी करावे. न केल्यास तालुक्यातील कार्यकर्त्यांनी टेप व वही घेऊन सुरुवात करावी. ज्यांना चौथरा कोणाचा हे ठाऊक आहे ती पिढी आता वृद्ध झाली आहे.

स्कॉटलंडमध्ये १८८६ च्या कायद्याने डोंगराळ भागातील लहान कुळांना संरक्षण मिळाले, ते जी कुळे जमिनीवर उरली होती त्यांना. उठविलेल्यांची जमीन परत आली नाही. १९९३ मध्ये सदरलंडच्याच पश्चिम किनाऱ्यावर असिंटच्या लहान शेतकऱ्यांनी वर्गणी जमवून इस्टेट विकत घेतली, आणि २००३ च्या कायद्याने स्थानिक समुदायाला खरेदीचा हक्क दिला. हा हक्क बजावण्यासाठी कायद्यानुसार त्या ठिकाणी राहणारे लोक असावे लागतात. रोसालच्या बांधाच्या आत कोणीही राहत नाही.