हिरवा ठिपका पाहिला, की संपलं?

आपण जैन बायका पाकीट हातात घेतलं की आधी हिरवा ठिपका शोधतो. मग कांदा-लसूण नाही ना, ते बघतो. एवढं जमलं की पाकीट बिनधास्त मुलांच्या दप्तरात. त्याच पाकिटामागं मैदा, पाम तेल, साखर, मीठ असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. ते कोण वाचतं? चष्मा लावून स्वाध्याय करणाऱ्या आपण तेवढ्यापुरत्या निरक्षर होतो.

माझ्या जावेची मुलगी आठवीत आहे. गेल्या दशलक्षण पर्वात मंदिरातून बाहेर पडताना एक बाई चारचौघींत तिला म्हणाल्या, "अगं, किती सुटलीस! पुढं लग्नाचं कसं व्हायचं?" शेजारीच तिचा चुलतभाऊ उभा होता, तिच्याहून जाड. त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "खात्यापित्या घरचा शोभतोय!" पोरगी घरी येऊन जेवलीच नाही. रात्री मी स्वयंपाकघरात दिवा लावला, तर अंधारात बसून फरसाण खात होती. "काकू, आईला सांगू नको गं." तो फरसाणाचा डबा भरला होता मीच.

रात्री अन्न नाही, हा नियम आपण पाळतो. पण पोरं क्लासहून येतात आठ वाजता, भुकेनं कासावीस. मग 'अन्नाचं नको' म्हणून केळ्याचे वेफर्स, वर थंडगार कोल्ड्रिंक. 300 मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये 30 ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे सात-आठ चमचे. चहात एवढी घातली तर कुणी तोंडाला लावणार नाही. त्यापेक्षा क्लासच्या आधी, साडेपाचला, भाकरी-आमटी पोटभर वाढायला काय हरकत आहे? नियमही पाळला जाईल आणि पोटही भरेल.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा बाह्य तपं सांगितली आहेत. पहिलं अनशन, म्हणजे उपवास. दुसरं अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा थोडं कमी खाणं. पहिल्याचे आपण सत्कार करतो, फ्लेक्स लावतो आणि पारण्याला तळणाचे-गोडाचे पाच प्रकार करतो. दुसऱ्याचा सत्कार कुठं पाहिलाय? मुलांना उपास घडवा असं मी मुळीच म्हणत नाही. वाढत्या वयात उपाशी ठेवून वजन उतरवायचं नसतं. मी म्हणते, ते दुसरं तप आधी आपण, मोठ्यांनी, ताटावर बसून दाखवावं.

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ मुलांना विकू नयेत, असा केंद्राचा 2020 चा नियम आहे. पण डबा आपल्याच ओट्यावर भरला जातो, तिथं कुठला नियम येणार?

आणि खेळाचं काय? या वयाच्या मुलांनी रोज किमान 60 मिनिटं अंग हलवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण पोरीला क्लासला स्कूटरवर सोडतो, गल्लीत खेळायला लागली की 'आता मोठी झालीस' म्हणून आत बोलावतो, आणि मग तिच्याच वजनावर बोलतो. वजन काय एकट्या तिच्या जिभेनं वाढलं?

त्या बाईंना मी त्या दिवशी काहीच बोलले नाही. वयानं मोठ्या, म्हणून गप्प बसले. ते चुकलंच माझं. यंदाच्या भाद्रपदात गप्प बसणार नाही.