‘आलो, आलो!’ म्हणजे कधी आलो?

मित्रांनो, आई स्वयंपाकघरातून हाक मारते, ‘‘पानं वाढलीयेत, चला!’’ आणि तुम्ही पुस्तकातून डोकंही वर न काढता ओरडता, ‘‘आलो, आलो!’’ खरं सांगा, तेव्हा आलेले असता का? जागचे हललेलेसुद्धा नसता! परीक्षेच्या दिवशी कंपासपेटी घरी राहिली, की ‘‘मेलो!’’ म्हणणारा मुलगाही चांगला धडधाकट उभा असतो. क्रियापदाचं रूप भूतकाळाचं आणि गोष्ट अजून व्हायचीच आहे, असं मराठीत राजरोस चालतं. आपल्याला ते खटकत नाही, कारण मराठीचे काळ आपण कोष्टकातून शिकलेलो नाही.

इंग्रजीच्या बाबतीत मात्र बारा काळांचं कोष्टक घोकावं लागतं. घोका, हरकत नाही. पण त्यातल्या नावांवर फार विसंबू नका. साधा भूतकाळ म्हणजे सिंपल पास्ट आणि पूर्ण वर्तमानकाळ म्हणजे प्रेझेंट परफेक्ट, ही जोडीच बघा. आपण मराठी माणसं हमखास इथे अडखळतो.

‘मी त्याला काल सांगितलं आहे.’ मराठीत या वाक्याला कोणी नावं ठेवणार नाही. पण शब्दाला शब्द ठेवून ‘आय हॅव टोल्ड हिम यस्टर्डे’ लिहिलंत, की बाईंची लाल रेघ आलीच! ‘हॅव’ हे रूप वर्तमानकाळाचं, बरं का. ते आजच्या दिवसात उभं असतं. ‘यस्टर्डे’ म्हटलं की तो दिवस संपला. दोघांचं जमणार कसं? एक तर ‘आय टोल्ड हिम यस्टर्डे’ म्हणा, नाहीतर ‘यस्टर्डे’ गाळून ‘आय हॅव टोल्ड हिम’ म्हणा.

पोस्टातलं खातं डोळ्यांसमोर आणा. खातं चालू असेल तर ‘हॅव’, ‘हॅज’. बंद झालं असेल तर साधा भूतकाळ. भारतानं १९८३ साली विश्वचषक जिंकला. साल सांगितलंत, खातं बंद झालं: ‘इंडिया वन द वर्ल्ड कप इन १९८३.’ इथे ‘हॅज’ अजिबात चालणार नाही. पण १९८३ आणि २०११ मिळून पुरुषांच्या संघानं एकदिवसीय सामन्यांचा विश्वचषक दोनदा जिंकलाय, एवढंच सांगायचं असेल तर? ‘इंडिया हॅज वन द वर्ल्ड कप ट्वाइस.’ तिसऱ्यांदा जिंकायची वाट अजून मोकळी आहे ना!

आता थोडं हळवं उदाहरण. ‘लता मंगेशकर हॅज संग इन मेनी लँग्वेजेस’ हे वाक्य वर्षानुवर्षं बरोबर होतं. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लतादीदी गेल्या आणि तेच वाक्य ‘लता मंगेशकर सँग इन मेनी लँग्वेजेस’ असं लिहावं लागलं. गाणी तीच, भाषाही तितक्याच. बदललं फक्त क्रियापद.

म्हणूनच ‘माय ग्रँडमदर’ या निबंधात जपून राहा. आजी शेजारच्या खोलीत शेंगा सोलत बसलेली असते आणि निबंधात मात्र ‘शी वॉज व्हेरी काइंड, शी वॉज अ गुड कुक’! वाचणाऱ्याला वाटतं, अरेरे, आजी गेल्या वाटतं. आजी घरात असेल तर ‘शी इज’. तिनं आजवर गोष्टी सांगितल्या असतील तर ‘शी हॅज टोल्ड मी मेनी स्टोरीज’, म्हणजे अजून सांगणार आहे. (हा निबंध आजीला वाचून दाखवणाऱ्यांनी तर दुप्पट जपावं!)

‘पासून’ या शब्दाचीही एक गंमत आहे. ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’, यात आपला ‘राहतो’ सरळ वर्तमानकाळी. इंग्रजीला मागची पाच वर्षंही सोबत लागतात: ‘आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स.’ मुदत सांगताना ‘फॉर’. सुरुवातीचं साल सांगितलंत तर ‘सिन्स’.

आता कोणी हुशार म्हणेल, सिनेमातला अमेरिकन मुलगा तर ‘डिड यू ईट ऑलरेडी?’ असं विचारतो. विचारतो खरा! अमेरिकेतल्या बोलण्यात इथे साधा भूतकाळ सर्रास चालतो, ती काही चूक नाही. आपली पाठ्यपुस्तकं मात्र ब्रिटिश वळणाची. तेव्हा उत्तरपत्रिकेत ‘हॅव यू ईटन?’ हेच बरं.

आईबाबांनो, तुमच्यातले पुष्कळजण मराठी शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकले असाल. आपल्या राज्यात ते पहिलीपासून आलं ते २००० साली. ‘आमचं इंग्रजी कच्चं’ म्हणून बाजूला होऊ नका. मुलांबरोबर इंग्रजी बातम्या ऐकायला बसा. बातमीच्या पहिल्या वाक्यात पुष्कळदा ‘हॅज’ असतं आणि कधी, कुठे हा तपशील सुरू झाला की साधा भूतकाळ येतो. कोण आधी पकडतो बघा.

आणि ही चार वाक्यं इंग्रजीत करून ठेवा. दोन ठिकाणी मराठीतला ‘आहे’ तुम्हाला फसवायला बसलाय!

आमची सहल गेल्या महिन्यात रायगडावर गेली आहे.
ताई तीन वर्षांपासून तबला शिकते.
मी अजून समुद्र पाहिलेला नाही.
बाबांनी परवा नवी सायकल आणली आहे.

उत्तरं पुढच्या अंकात.