बरे वाटते म्हणून गोळी सोडू नका!

"वकीलसाहेब, एवढ्या गोळ्या खाऊन पुन्हा हे होणारच असेल, तर त्या द्यायच्या तरी कशाला?"

हा प्रश्न मला आमच्या एका सहकाऱ्याच्या पत्नीने विचारला. रात्रीचे दोन वाजले होते आणि आम्ही पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकावर बसलो होतो. नवऱ्याला कसे सोडवायचे हे मला ठाऊक होते. या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नव्हते. ते नंतर शोधले. आज ते त्या सहकाऱ्याच्या परवानगीने आपल्यासमोर मांडतो आहे, कारण हा प्रश्न एका घरापुरता नाही.

हा सहकारी चळवळीतला जुना माणूस. काही वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या तयारीत तो सलग चार रात्री झोपला नाही. मध्यरात्री फोन करून वाचनालय, वसतिगृह, स्वतःचे दैनिक अशा योजना सांगायचा. बोलणे इतके वेगाने की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. सगळा पगार वर्गणीत दिला, घरातले सोने गहाण टाकले. आम्ही काय केले? टाळ्या वाजवल्या. "केवढी ही तळमळ!" म्हणून पाठ थोपटली. तो भर रस्त्यात अनोळखी माणसांच्या अंगावर धावून गेला, तेव्हा कुठे कळले की ही तळमळ नव्हती, हा आजार होता.

डॉक्टरांनी निदान केले, बायपोलर डिसऑर्डर. यात काही काळ माणूस उन्मादात असतो. झोप लागत नाही, तरी थकवा नाही. पैसा उधळतो, आपल्याला काहीही अशक्य नाही असे त्याला वाटते. काही काळ तोच माणूस खोल नैराश्यात जातो. मधल्या काळात तो तुमच्या-आमच्यासारखाच असतो. आपली फसगत होते ती या मधल्या काळात.

लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या आणि अडीच वर्षे गृहस्थ ठणठणीत राहिला. मग आमच्यातलेच लोक बोलू लागले. "आता बरा झालास, गोळ्या कशाला?" "किडन्या जातील." "भीमसैनिकाला कसल्या वेड्याच्या गोळ्या?" "त्यापेक्षा विपश्यना कर." दोन महिन्यांनी ते पोलीस ठाणे. दुसऱ्या दिवशी वहिनींना कपाटातल्या कागदाखाली न फोडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्यांची चळत सापडली. गोळ्या हरल्या नव्हत्या, त्या पोटात गेल्याच नव्हत्या.

तरीही वहिनींचा प्रश्न उरतोच. समजा, त्या नियमित घेतल्या असत्या तर? गोळीने उन्माद खरोखर टळतो का? वकिलाला पुराव्याची भाषा कळते, म्हणून पुरावाच तपासू.

१९४९ साली ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड यांनी उन्मादाच्या १० रुग्णांना लिथियम दिले आणि ते शांत झाल्याची नोंद केली. पण आलेला उन्माद शमवणे वेगळे आणि येणारा उन्माद रोखणे वेगळे. रोखण्याचा दावा डेन्मार्कच्या बास्ट्रुप आणि मोगेन्स शू या डॉक्टरांनी १९६७ साली केला. लगेच १९६८ मध्ये लंडनच्या ब्लॅकवेल आणि शेफर्ड यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात या दाव्याची कडक उलटतपासणी घेतली. तुमच्या रुग्णांना आणि डॉक्टरांना दोघांनाही औषध माहीत आहे, मग हा निष्कर्ष निर्दोष कसा? प्रश्न रास्त होता. तेव्हा डॅनिश डॉक्टरांनी लिथियमवर स्थिर असलेले ८४ रुग्ण घेतले. ४५ जणांचे लिथियम चालू ठेवले, ३९ जणांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली. कोणाला काय मिळते आहे, हे तपासणाऱ्यांपासून लपवले. १९७० साली निकाल आला. पाच महिन्यांत बिनऔषधाच्या ३९ पैकी २१ जणांचा आजार उलटला. लिथियमवरच्या ४५ पैकी एकाचाही नाही.

खटला इथे संपला असे मी म्हणणार नाही. चालू औषध एकाएकी तोडले की आजार अधिक वेगाने उसळतो, हे पुढे दिसून आले. म्हणजे त्या २१ जणांमागे औषध तोडल्याचा धक्काही असू शकतो. म्हणून नंतर अधिक चाचण्या झाल्या. २००४ साली अशा पाच चाचण्यांतील ७७० रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. वर्ष-दोन वर्षांच्या काळात बिनऔषधाच्या गोळीवर शंभरातील सुमारे ६० जणांचा आजार उलटला, लिथियमवर सुमारे ४० जणांचा. फक्त उन्मादाचे पाहिले तर हे प्रमाण २४ वरून १४ वर आले. २०१० साली ३३० रुग्णांच्या अभ्यासात लिथियम हे व्हॅलप्रोएट या दुसऱ्या औषधापेक्षा सरस ठरले.

तेव्हा वहिनींना माझे उत्तर असे. होय, औषधाने उन्माद टळतो. पण प्रत्येकाचा आणि प्रत्येक वेळी नाही. गोळी म्हणजे अभेद्य भिंत नव्हे, ते धरण आहे. धरण असूनही कधी पूर येतो, म्हणून कोणी धरण फोडत नाही. शिवाय लिथियममुळे आत्महत्येचा धोकाही कमी होतो, असे अभ्यास सांगतात. एवढ्या एका कारणासाठीही ही गोळी मोलाची आहे.

गोळीचे धोकेही लपवायचे कारण नाही. लिथियमची रक्तातील पातळी साधारणपणे ०.६ ते ०.८ मिलिमोल ठेवतात. ती १.५ च्या वर गेली की विषबाधेचा धोका असतो. म्हणून रक्त, मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी ठरावीक काळाने झालीच पाहिजे. जुलाब-उलट्या झाल्या, उन्हात अंगातले पाणी आटले, दुखण्यावरच्या काही गोळ्या मनाने घेतल्या, तर पातळी वाढते. व्हॅलप्रोएट गर्भावस्थेत बाळाला गंभीर अपाय करते; तरुण मुलीला ते लिहून दिले असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. "किडन्या जातील" या भीतीचे उत्तर तपासणी हे आहे, गोळी कपाटात लपवणे हे नव्हे. बदल करायचा तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. आणि साधना जरूर करावी, पण गोळीच्या जागी नव्हे. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराची माहिती विचारलेली असते. ती खरी लिहावी.

आता शासनाच्या जबाबदारीकडे वळू. औषध एकाएकी तुटणे घातक आहे, हे वर पाहिले. मग सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर "गोळी संपली, पुढच्या महिन्यात या" असे सांगितले जाते, तेव्हा काय घडते? मजुरी बुडवून आलेल्या माणसाचे औषध सरकारनेच तोडलेले असते. लिथियम काही दुर्मिळ औषध नाही, ते राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ नुसार आवश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत मानसिक रुग्णांना सदैव मोफत मिळाली पाहिजेत. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात या आजाराचे सुमारे ७० टक्के रुग्ण उपचाराबाहेर आढळले होते. त्यांत आपल्या वस्त्यांतले किती असतील, हे सांगायला आकडा लागत नाही.

याच कायद्याचे कलम ३ सांगते की, केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून कोणी विकल मनाचा ठरत नाही. ते ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा. त्यामुळे "तो वेडा आहे" म्हणून भावाची सही डावलणाऱ्या, सुनेला घराबाहेर काढणाऱ्या नातेवाइकांनी हे नीट वाचावे.

मित्रहो, आपण देवऋषी सोडला, अंगारा सोडला. पण खंबीर माणसाला मनाचा आजार होत नाही, ही अंधश्रद्धा अजून सोडलेली नाही. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला आपण भित्रा म्हणतो का? मग इथेच का?

करण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. आपल्या ग्रामीण रुग्णालयात लिथियम किती दिवस शिल्लक नव्हते, हे माहितीच्या अधिकारात विचारा. मदत हवी असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक घरात लिहून ठेवा. आणि एखादा कार्यकर्ता दोन-तीन रात्री न झोपता उत्साहाने फसफसत असेल, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याच्या झोपेची चौकशी करा. उन्मादाची पहिली वर्दी बहुधा झोपच देते.

आमचा सहकारी आज पुन्हा नोकरीवर आहे. मध्यंतरी, गोळ्या चालू असतानाही, त्याची झोप उडाली होती. वहिनींनी दुसऱ्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेले, औषधाचे प्रमाण बदलले आणि आठवड्यात तो सावरला. या वेळी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली नाही. यंदाच्या १४ एप्रिलला तो कार्यक्रम अर्धवट सोडून साडेदहाला घरी गेला, कारण त्याच्या गोळीची आणि झोपेची वेळ झाली होती. कोणी हसले नाही. चळवळीला असा माणूस वर्षानुवर्षे हवा आहे, चार रात्रींपुरता नको.