शब्दांचे कूळ : भूर्ज आणि बिर्योझा

भूर्जपत्र हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. हिमालयातल्या भूर्ज झाडाची कागदासारखी सुटणारी ती साल. अल-बिरूनीने अकराव्या शतकात हिंदुस्थानावर जी किताब लिहिली, तीत लोक या सालीवर लिहितात आणि तिला भूर्ज म्हणतात, अशी नोंद आहे.

या भूर्जाचे सख्खे नातलग थेट रशियात भेटतात. रशियन बिर्योझा, सर्बियन ब्रेझा, पोलिश ब्झोझा ही सगळी याच जातीच्या झाडाची नावे. त्यांची आई 'बेर्झा'. ती ज्या जुन्या स्लाव बोलीतली, ती बोली कोणी लिहून ठेवली नाही. लेकींच्या तोंडवळ्यावरून आई ताडावी, तसा पंडितांनी हा शब्द जुळवला आहे. म्हणून तो छापताना आधी चांदणीची खूण करतात.

'बेर्झा'चे 'ब्रेझा' कसे झाले? आपल्याकडे 'मतलब'चे 'मतबल' होते, तसेच. फरक इतकाच की तिथे तशा घडणीचे सगळेच शब्द एका नियमाने उलटले. रशियनांनी मात्र अदलाबदल न करता मध्ये आणखी एक स्वर घातला.

मूळ अर्थ 'पांढरे, चकाकणारे' असा मानतात, आणि झाड पाहिले की तो पटतो. लॅटिनमध्ये हाच शब्द 'फ्राक्सिनुस' होऊन भलत्याच झाडाला चिकटला. भूर्जासाठी रोमनांनी गॉल लोकांकडून 'बेतुला' उसना घेतला. स्लावांनीही बीच नावाच्या झाडासाठी जर्मनिक शेजाऱ्यांचा शब्द उचलला. त्यावरून त्यांचे मूळ वतन बीचच्या हद्दीपलीकडे, पूर्वेला असावे, असे काही अभ्यासक म्हणतात. एका झाडावरून वतन ठरवणे आम्हाला धाडसाचे वाटते. पण बेर्झा त्यांच्या घरचीच, एवढे खरे.

घरची म्हणजे किती? रशियातल्या नोवगोरोद शहरात 26 जुलै 1951 रोजी ओल्या मातीत बिर्योझाच्या सालीवरचे पहिले खत सापडले. आजवर अकराशेहून अधिक निघाली आहेत. बहुतेकांवर शाई नाहीच, टोकदार कलमाने हर्फ कोरलेले. मजकूर राजेरजवाड्यांचा थोडाच! उधारी, निरोप, घरगुती तक्रारी. तेराव्या शतकातल्या ओन्फिम नावाच्या पोराने बाराखडी गिरवता गिरवता घोड्यावर बसलेला स्वारही काढून ठेवला आहे. आणि सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची एक बाई एका पुरुषाला विचारते आहे की, या आठवड्यात तीनदा निरोप धाडला, तरी तू का आला नाहीस? ते खत कोणीतरी फाडून, गाठ मारून फेकून दिले होते.